छोट्या आस्थापनेत पगारी रजा किती द्यावी आणि तिचा हिशेब कसा मांडावा

रजा किती द्यायची हा प्रश्न मालकाला दोनदा पडतो. एकदा नेमणूकपत्राचा मसुदा करताना, आणि एकदा गणपतीच्या तोंडावर, निम्मा स्टाफ एकदम गावी जायला निघतो तेव्हा. पहिल्या वेळी आकडा कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीच्या कागदावरून उचललेला असतो आणि दुसऱ्या वेळी तो निस्तरावा लागतो. पुढचा सगळा हिशेब महाराष्ट्रातल्या दहा ते चाळीस माणसांच्या खाजगी आस्थापनेसाठी आहे: दुकान, शोरूम, ऑफिस, गोदाम, लहान वर्कशॉप. गोव्याचा शॉप ॲक्ट वेगळा आहे, तेव्हा पणजीच्या शाखेला पुण्याचं धोरण जसंच्या तसं चिकटवू नका.

आपल्याला कोणता कायदा लागतो

दुकान किंवा ऑफिस असेल तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. बोलण्यात शॉप ॲक्ट, मुंबईत जुन्या सवयीने गुमास्ता. मूळ कायद्यात दहा किंवा जास्त कामगार असलेली आस्थापना पूर्णपणे यायची; २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा वीसवर गेली. त्याखालच्यांनी नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची.

कारखान्यासाठी १९४८ चा कारखाने अधिनियम होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. ही संहिता फक्त कारखान्यांची आहे असं समजून ऑफिसवाले गाफील राहतात. तिची ‘आस्थापना’ची व्याख्या दहा किंवा जास्त कामगार असलेल्या उद्योग-व्यवसायाला कवेत घेते. म्हणजे शॉप ॲक्टची मर्यादा वीस झाली म्हणून बारा माणसांचं ऑफिस रजेच्या कायद्यातून सुटलं, असं होत नाही. दोन्ही कायदे समोर ठेवायचे आणि प्रत्येक मुद्द्यावर कामगाराच्या फायद्याचं असेल ते धोरणात लिहायचं. वादाला जागाच राहत नाही आणि खर्चात पडणारा फरक किरकोळ असतो.

शॉप ॲक्टच्या रजेच्या तरतुदी व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना लागू नाहीत. संहितेतही व्यवस्थापक आणि महिना १८,००० रुपयांच्या वर पगार असलेले सुपरवायझर ‘कामगार’ या व्याख्येच्या बाहेर आहेत. त्यांची रजा नेमणूकपत्रात लिहिलेली असेल तेवढीच. म्हणून मॅनेजरच्या पत्रात ‘नियमानुसार रजा’ असं मोघम लिहू नका. त्याला नियमच लागू नाहीत.

कायद्याने द्यावीच लागते ती रजा

शॉप ॲक्टप्रमाणे वर्षाला आठ किरकोळ रजा, म्हणजे सीएल. त्या तिमाहीला जमा होतात, प्रत्येक तिमाहीला दोन, आणि उरलेल्या ३१ डिसेंबरला बुडतात. आठ पगारी सणाच्या सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. आणि कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस हक्काची रजा, जिला कुणी पीएल म्हणतं, कुणी ईएल. ती पुढच्या वर्षी वापरायची, आणि त्यासाठी आधीच्या कॅलेंडर वर्षात २४० दिवस भरलेले असले पाहिजेत. शिल्लक ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

संहितेत दर तोच आहे, वीसला एक. पण पात्रतेची अट २४० वरून १८० दिवसांवर आली आहे. पुढे ओढायची मर्यादा ३० दिवस, आणि वर्षअखेरीला कामगाराने मागणी केली तर रजेचे पैसे द्यावे लागतात.

आठवड्याला सहा दिवस चालणाऱ्या दुकानात हे किती होतं ते बघू. ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि आठ सणाच्या सुट्ट्या वजा केल्या की ३०५ उरतात. आठ सीएल आणि चौदा ईएल घेतल्या तर प्रत्यक्ष काम २८३ दिवस. भागिले वीस, १४.१५. म्हणजे चौदा. एकूण आठ, आठ आणि चौदा मिळून साप्ताहिक सुट्टी सोडून तीस पगारी दिवस. ही किमान रेषा आहे.

पाच दिवसांच्या आठवड्यात मात्र एक खड्डा आहे. ३६५ मधून १०४ आणि आठ गेले की २५३. आठ सीएल गेल्या, २४५. मागच्या वर्षी कमावलेली ईएल उपभोगली तर ते दिवस २४० च्या मोजणीत धरले जातात, पण सीएल आणि आजारपणाची रजा धरली जात नाही. आता त्या माणसाला डेंग्यू झाला आणि सहा दिवस आजारपणाच्या रजेत गेले: २३९. एका दिवसाने पुढच्या वर्षाची सगळी बारा ईएल गेली. वर्षभर व्यवस्थित काम केलेल्या माणसाच्या खात्यात जानेवारीत शून्य दिसतं आणि एचआरला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. सॉफ्टवेअर बरोबर असतं, त्यात भरलेली अट पाच दिवसांच्या आठवड्यासाठी चुकीची असते. धोरणात अट १८० दिवसांची ठेवा. संहितेचंही तेच म्हणणं आहे.

मग द्यावी किती

कायद्याचा आकडा हा तळ आहे. त्यावर किती चढवायचं याला एक साधा मापदंड वापरता येतो: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७० चा पगारी रजेचा करार, क्रमांक १३२. त्यात वर्षभराच्या नोकरीमागे किमान तीन कामाचे आठवडे सांगितले आहेत. भारताने तो स्वीकारलेला नाही, पण आकडा म्हणून तो मापात आहे. युरोपीय संघात किमान चार आठवडे द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये पाच दिवसांच्या आठवड्याला २८ दिवस, त्यात सार्वजनिक सुट्ट्या धरता येतात. जपानमध्ये सहा महिन्यांनंतर दहा दिवस मिळतात, ते पुढे वीसपर्यंत वाढतात. अमेरिकेत खाजगी नोकरीत पगारी रजा द्यावी असं सांगणारा संघराज्याचा कायदाच नाही. तिथल्या क्लायंटसाठी काम करणाऱ्या पुण्यातल्या कंपन्यांनी तिथलं धोरण उचलताना हे लक्षात ठेवावं. घरचीच तुलना हवी असेल तर महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला तीस अर्जित रजा जमा होतात, जानेवारीत पंधरा आणि जुलैत पंधरा. लहान दुकानदाराने त्या आकड्याशी बरोबरी करावी असं नाही, पण उमेदवार मुलाखतीला येताना तो आकडा मनात घेऊनच येतो.

आमच्या मते सहा दिवसांच्या आठवड्यात अठरा ईएल आणि पाच दिवसांच्या आठवड्यात पंधरा ईएल हा योग्य आकडा. दोन्ही म्हणजे बरोबर तीन आठवडे. त्याशिवाय आठ सीएल, सहा आजारपणाच्या रजा, आठ सुट्ट्या.

खर्चाची भीती वाटते म्हणून हिशेब करून बघा. वीस माणसं, बेसिक आणि डीए मिळून सरासरी १८,२०० रुपये. २६ ने भागलं तर रोजचे ७०० रुपये. चौदावरून अठरावर गेलं तर चार दिवस जास्त: ४ × २० × ७०० म्हणजे वर्षाला ५६,००० रुपये. वर्षाचं पगारबिल ४३,६८,००० रुपये. वाढ सव्वा टक्क्याच्या आसपास, तीही प्रत्येक रजेच्या दिवशी बदली माणूस पैसे देऊन आणला तर. बहुतेक दुकानांत बदली आणत नाहीत, शेजारचा माणूस सांभाळून घेतो.

आजारपणाच्या सहा रजा कशाला, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) आहे ना, असा प्रश्न येतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआयकडून आजारपणाचा भत्ता मिळतो, वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे असतात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. शिवाय सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. व्हायरल ताप दोन-तीन दिवसांचाच असतो. त्या तापासाठी ईएसआय दवाखान्यात रांग लावून उरलेल्या एका दिवसाचे पैसे मागायला कुणी जात नाही. तो ताप घेऊन माणूस कामावर येतो आणि पुढच्या आठवड्यात आणखी तीन जण आडवे पडतात. लहान आजारपणासाठी कंपनीची रजा, लांबलं तर ईएसआय, अशी वाटणी ठेवा. दोन दिवसांपर्यंत डॉक्टरचं सर्टिफिकेट मागू नका. सर्टिफिकेट पन्नास-शंभर रुपयांत मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे.

‘अमर्याद रजा’ हे फॅड लहान आस्थापनेने धरू नये. आकडा नसला की शिल्लक नसते, शिल्लक नसली की नोकरी सोडताना पैसे काय द्यायचे याचं भांडण होतं. माणसं रजाही कमीच घेतात.

गणपती, दिवाळी आणि मे महिना

खरी परीक्षा इथे होते. वीस माणसांना प्रत्येकी अठरा, आठ आणि सहा म्हणजे बत्तीस दिवस, एकूण ६४० दिवस. ३०५ ने भागा: रोज सरासरी दोन माणसं नसणारच. म्हणजे वीस माणसांचं काम अठरा जणांत निभेल अशी मांडणी नेहमीचीच ठेवली पाहिजे. प्रत्येक जागेचं काम आणखी एकाला यायला हवं. बिलिंग, बँक, चाव्या आणि जीएसटी पोर्टलचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल, या चार गोष्टी एकाच माणसाकडे असतील तर त्याला रजा मिळत नाही आणि मिळाली तरी तो रजेवर फोनवरच असतो.

सरासरी दोन असली तरी गणपतीला हाच आकडा आठवर जातो. यावर उपाय आधी तारखा बांधण्याचा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. १२ सप्टेंबरच्या कोकण रेल्वेच्या गाड्यांचं आरक्षण १४ जुलैला उघडेल आणि काही मिनिटांत संपेल. म्हणजे रजा मंजूर झाल्याचं माणसाला जूनअखेर कळलं पाहिजे. ऑगस्टमध्ये मंजूर केलेली गणपतीची रजा ही नामंजूर केल्यासारखीच आहे. तो एसटीच्या जादा गाडीत उभा राहून जाईल आणि दोन दिवस उशिरा येईल.

एका दिवशी किती जण नसले तरी चालतं ते आधी ठरवा. विक्रीच्या दुकानात एक तृतीयांशाच्या वर जाऊ नका, ऑफिसात चाळीस टक्क्यांपर्यंत निभतं. मागण्या त्याहून जास्त आल्या तर ‘आधी येईल त्याला’ हा नियम वाईट. दरवर्षी तेच चार चलाख लोक पहिले अर्ज टाकतात. मागच्या वर्षी ज्याला मिळाली नाही तो यंदा पहिला, बरोबरी असेल तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या. स्टाफमध्ये सगळेच कोकणातले नसतात. वारीला जाणारा आषाढीच्या वेळी रजा मागतो, शेती असलेला पेरणीला, कुणी ईदला, कुणी नाताळला, शाळकरी मुलं असलेले मे महिन्यात. प्रत्येकाला वर्षातली एक ‘माझी हक्काची तारीख’ जानेवारीतच लिहायला सांगा आणि ती शक्यतो मोडू नका. एवढ्यावर निम्मी भांडणं मिटतात.

चार सणांच्या सुट्ट्या ठरवतानाही कॅलेंडर उघडा. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी आहे. रविवार साप्ताहिक सुट्टी असलेल्या ऑफिसने यादीत लक्ष्मीपूजन लिहिलं तर एक सुट्टी फुकट गेली, आणि स्टाफला ती फसवणूक वाटते. त्याऐवजी ११ नोव्हेंबरची भाऊबीज घ्या. कपड्यांच्या, सोन्याच्या, गाड्यांच्या दुकानांनी तर गुढीपाडवा, दसरा आणि दिवाळी पाडवा यादीत घालूच नयेत, ते धंद्याचे दिवस. गणेश चतुर्थी, अनंत चतुर्दशी, धुळवड, भाऊबीज ही त्यांच्या सोयीची चौकडी. यादी डिसेंबरात ठरवून सगळ्यांच्या सह्यांनिशी भिंतीवर लावा.

धोरणातली कलमं, जिथे हमखास चुकतं

सीएल ही अचानक लागणाऱ्या कामाची रजा. तिच्यासाठी तीन दिवस आधी अर्ज मागणारं धोरण निरर्थक आहे. कामाची वेळ सुरू व्हायच्या आधी फोन किंवा मेसेज, एवढं पुरे. अर्धा दिवस घेता यावा. सलग तीनपेक्षा जास्त नको, नाहीतर ती ईएलसारखी वापरली जाते आणि डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगला एकही उरत नाही.

मधल्या सुट्ट्या रजेत धरायची पद्धत, जिला सँडविच म्हणतात, बंद करा. शनिवारी आणि सोमवारी ईएल घेतली, मध्ये रविवार आला, तर रजा दोन दिवस. तीन नाही. ईएलमध्ये रजेच्या मध्ये किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या मोजायच्या नाहीत, हे कारखाने अधिनियमात स्पष्ट होतं आणि संहितेतही तसंच आहे. तरीही अनेक पगार सॉफ्टवेअरमध्ये सँडविचची खूण आधीपासून चालू असते. सेटिंगमध्ये जाऊन बघा.

‘तीन लेट मार्क म्हणजे एक सीएल’ ही पद्धत सगळीकडे दिसते. उशिराचा बंदोबस्त करायचाच तर तेवढ्या वेळाचा पगार कापा किंवा ताकीद द्या. दहा मिनिटं तीनदा उशीर झाल्यावर आठ तासांची रजा कापणं हा हिशेब कुठल्याच मोजमापात बसत नाही.

साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. ‘कधीतरी घे’ असं सांगू नका. बोलावतानाच बदलीची तारीख मस्टरवर लिहा.

प्रोबेशनमध्ये रजा नाही, हे कलम बहुतेक नेमणूकपत्रांत सापडतं. सीएल तिमाहीला जमा होते आणि कामाचे दिवस पहिल्या दिवसापासून मोजले जातात, त्यामुळे हे कलम टिकत नाही. नव्या माणसाला ईएल महिन्याला दीड दिवस या दराने जमा करत जाणं सोपं. ती सहा महिन्यांनंतर वापरू द्या. पहिल्याच महिन्यात लग्न किंवा घरातलं दुःख आलं तर आगाऊ द्या आणि पुढे वळती करा.

वर्षातून एकदा सलग सहा कामाचे दिवस रजा घेतलीच पाहिजे, असं एक कलम घाला. विशेषतः रोकड, साठा आणि खरेदी बघणाऱ्यांसाठी. रिझर्व्ह बँकेने बँकांना संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग किमान दहा कामाचे दिवस, आधी न कळवता, सक्तीच्या रजेवर पाठवायला सांगितलं आहे, ते याच कारणासाठी. रोज थोडंथोडं लपवावं लागणारं काम त्या माणसाच्या गैरहजेरीत उघडं पडतं. प्रामाणिक माणसाला निदान विश्रांती मिळते.

हाउसकीपिंग आणि सुरक्षा रक्षक कंत्राटदाराचे असतील तर त्याच्या दरपत्रकात रजेचे पैसे आहेत का ते तपासा. वीसला एक म्हणजे वेतनाच्या पाच टक्के. ती ओळ नसेल तर रक्षक रजेवर गेल्यावर त्याचा खाडा लागतो, आणि उद्या तक्रार झाली तर ती तुमच्याही दारात येते.

रजेची नोंदवही

एक्सेलमध्ये ठेवा किंवा लाल कपड्याच्या वहीत, रकाने तेच: आरंभीची शिल्लक, वर्षात प्रत्यक्ष काम केलेले दिवस, जमा झालेली रजा, घेतलेली रजा तारखांसह, नाकारलेली रजा कारणासह, अखेरची शिल्लक, आणि कामगाराची सही. सगळ्यात जास्त चूक ‘काम केलेले दिवस’ या रकान्यात होते, कारण तिथे पगाराचे दिवस उतरवले जातात.

काउंटरवरच्या एका कामगाराचं वर्ष घेऊ. कायद्याच्या दराने, सहा दिवसांचा आठवडा. वर्षारंभी शिल्लक ११ ईएल. कामाचे संभाव्य दिवस ३०५. त्याने सात सीएल घेतल्या, नऊ ईएल घेतल्या, तीन दिवस खाडा. प्रत्यक्ष काम ३०५ − ७ − ९ − ३ = २८६. भागिले २०, १४.३, म्हणजे १४. जुनी शिल्लक ११ − ९ = २. नवीन वर्षाची सुरुवात १६ ईएलने. आणखी चार दिवस भरले असते तर २९० भागिले २० म्हणजे १४.५, आणि अर्धा किंवा जास्त अपूर्णांक पूर्ण दिवस धरायचा असल्याने १५ मिळाल्या असत्या. पगाराचे दिवस घेतले असते तर ३०२ आले असते आणि उत्तर चुकून १५ आलं असतं. सात-आठ वर्षांत अशा चुकांचा ढीग होतो आणि माणूस सोडून जाताना तो उपसावा लागतो.

दर जानेवारीला प्रत्येकाला शिल्लक दाखवून सही घ्या. पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याची शिल्लक छापली तर उत्तम.

रजेचे पैसे

भागायचं कशाने, २६ की ३०? नियम असा धरा: रजा ज्या दिवसांत मोजता त्याच दिवसांनी पगार भागा. रविवार वगळून रजा मोजत असाल तर २६. पाच दिवसांच्या आठवड्यात २२. रजा कामाच्या दिवसांत मोजायची आणि पगार ३० ने भागायचा, ही दोन्हीकडून खाण्याची रीत आहे. १८,२०० रुपयांवर १४ दिवसांचे २६ ने ९,८०० होतात, ३० ने ८,४९३.

पगार कोणता धरायचा हे वेतन संहितेने बदललं आहे. वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात परत येतो. समजा बेसिक १०,०००, घरभाडे १२,०००, प्रवास ८,०००, एकूण ३०,०००. भत्ते २०,०००, निम्मे १५,०००, जास्तीचे ५,००० बेसिकमध्ये मिळवायचे. वेतन १५,००० आणि रोजचा दर २६ ने ५७७ रुपये. जुन्या पद्धतीने तो ३८५ निघायचा. बेसिक मुद्दाम कमी ठेवलेल्या आस्थापनांत रजेची देणी यामुळे एकदम वाढतात; ताळेबंदातली तरतूद त्याप्रमाणे सुधारून घ्यायला चार्टर्ड अकाउंटंटला सांगा.

नोकरीत असताना घेतलेले रजेचे पैसे पूर्ण करपात्र असतात. नोकरी सोडताना किंवा निवृत्तीला मिळालेल्या रकमेवर खाजगी कर्मचाऱ्याला आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत सूट आहे, तीही ठरलेल्या सूत्राच्या मर्यादेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालापासून या रकमेवर पीएफ कापत नाहीत.

या हिशेबाच्या बाहेरच्या रजा

बाळंतपणाची २६ आठवडे पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी, तिसऱ्यापासून १२ आठवडे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. गर्भपात झाल्यास सहा आठवडे. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी, ती सीएलमधून कापता येत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी चालू असताना समितीच्या शिफारशीने तक्रारदार महिलेला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळते, आणि ती तिच्या नेहमीच्या रजेशिवाय असते. यांचे रकाने वेगळे ठेवा.

कामगाराच्या बाजूने

ईएलचा अर्ज किमान १५ दिवस आधी आणि लेखी. व्हॉट्सॲप चालतं, पण तारखा स्पष्ट लिहा: ‘१० सप्टेंबर ते १७ सप्टेंबर, सहा दिवस ईएल, १३ रविवार आणि १४ गणेश चतुर्थी वगळून’. नुसतं ‘सर गणपतीला जायचं आहे’ असं लिहिलं तर तो अर्ज ठरत नाही. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. हा कागद पुढे पैशांचा असतो: शॉप ॲक्टखाली रीतसर मागितलेली रजा नाकारली गेली तर ४५ च्या वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात, आणि संहितेत नाकारलेली रजा ३० ची मर्यादा न लागता पुढे जाते. अर्जच नसेल तर वरची रजा नुसती बुडते.

राजीनामा दिल्यावर किंवा काढून टाकल्यावर शिल्लक ईएलचे पैसे मिळतात. वर्षातले १८० दिवस भरले नसले तरी केलेल्या कामाच्या प्रमाणात मिळतात. कामगाराचा मृत्यू झाला तर वारसांना मिळतात. नव्या संहितांप्रमाणे हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. ‘फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतात’ हे वाक्य आता चालत नाही. शिल्लक रजा मालकाने नोटीसच्या काळात परस्पर वळती करू नये. दोघांच्या संमतीने करायचं असेल तर लिहून घ्या.

पैसे अडले तर आधी एचआरला ईमेल करा, त्यात मागच्या सहीच्या शिल्लकपत्रकाचा फोटो जोडा. आठवड्यात उत्तर नाही आलं तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार. शॉप ॲक्टखालच्या निरीक्षकाला आता सुविधाकार म्हणतात. मुंबईत महापालिकेच्या वॉर्डातल्या दुकाने व आस्थापना विभागातही जाता येतं. तक्रारीसोबत नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगारचिठ्ठ्या, रजेचे अर्ज आणि नकाराचे मेसेज यांच्या प्रती लावा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.